गिटारवाल्याचा टेम्पो

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या यांच्या डोक्यावर केसांचा एवढा मोठा फुगा होता की मुंडावळ्या बांधताना करवल्या हसत सुटल्या. मी मुरबाडकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. नवरा वाशिंदच्या कारखान्यात कामाला आहे एवढंच मला सांगितलं होतं. ते गिटार वाजवतात, आणि तीही जुनी, विलायती, पळत्या चालीची नाचगाणी, हे किन्हवलीला सासरी आल्यावर कळलं. तरुणपणी इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत एका ख्रिस्ती गार्डाकडे ते ही गाणी शिकले होते. शब्द अर्धेमुर्धे, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. पण हळदीच्या मांडवात त्यांनी तारा छेडल्या की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून उठायच्या.

यांचा चौघांचा ऑर्केस्ट्रा होता आणि सामान न्यायला एक जुना टेम्पो. गिटारमुळे सगळे यांना मास्तर म्हणत.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी, उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर ते हळदीला वाजवत होते. लाकडं आणायला गेलेल्या एका बाईला तिथे साप चावला. पाड्यावर दुसरी गाडी नव्हती. यांनी गाणं मध्येच सोडलं, ड्रम आणि स्पीकर खाली उतरवले आणि बाईला घेऊन शहापूरचा दवाखाना गाठला. बाई वाचली. काही दिवसांनी तिचा नवरा मधाची बाटली घेऊन आमच्या दारात आला. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. शेजारणींना बोलावून मी तो मध वाटला.

पण त्यानंतर लोक येतच राहिले. चूल पेटवायला उठावं, तर ओट्यावर कुणीतरी टेकलेलं असायचंच. "वयनी, मास्तर हायत का?" कुणाचा ताप, कुणाचं पोट, कुणी अडलेली बाई. हे कारखान्यातून येऊन जेवायला बसलेले असले तरी ताट सारून उठायचे. पेशंट निजवायला टेम्पोत आमच्याच दोन गोधड्या असत. त्या धुणं माझ्याकडे. रक्त, ओकारी, सगळं. विहिरीवर मी त्या आपटत बसायची आणि वास काही जायचा नाही.

एकदा मी म्हटलं, "अहो, आपल्यालाबी घर हाय."

"नाय कसं म्हणू गो?" ते म्हणाले. "माणूस डोंगर उतरून येतो."

मी भाकरी थापत राहिले.

ऑर्केस्ट्राचं मात्र बिघडत गेलं. वाशिंदला एका लग्नात, नवरदेव नाचायला उभा राहिला आणि त्याच वेळी कुणीतरी मांडवात यांना शोधत आलं. हे गेले. नवरदेवाच्या बापाने ती गोष्ट गावोगाव सांगितली. सुपाऱ्या कमी झाल्या. कीबोर्डवाला कल्याणच्या पार्टीत गेला, मागोमाग ड्रमवालाही. गाणारा तेवढा राहिला, कारण तो यांचा लहानपणचा दोस्त.

दुसऱ्या खेपेला मला दिवस गेले तेव्हा यांनी सांगून ठेवलं होतं, "तुझ्या टायमाला मी कुठं जाणार नाय." कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. टेम्पो तासाभरापूर्वीच एका म्हाताऱ्याला घेऊन मुरबाडला गेला होता. सासूबाईंनी रस्त्यावर उभं राहून एक रिक्षा थांबवली. आतली माणसं मुकाट्याने उतरली. शहापूर यायच्या आधीच, रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत माझी मुलगी जन्मली. त्या घरच्या बाईने पाणी तापवलं, स्वतःचं लुगडं फाडून दिलं. तिला मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

त्याच रिक्षाने मग आम्हाला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. दोघी सुखरूप आहोत असं कळल्यावर हे तिथे आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"म्हातारा वाचला," ते म्हणाले.

"बरं झालं," मी म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यांनी बाळाला उचललं. तिला घेऊन ते बराच वेळ खिडकीपाशी उभे होते. मला त्यांचं रडणं ऐकू आलं, पण मी वळले नाही. रागही धड येत नव्हता. नुसता शीण.

पुढे मुलं मोठी झाली. टेम्पोचं इंजिन गेलं आणि तो भंगारात निघाला. मला वाटलं, सुटलो. पण लोकांची सवय गेली नाही, यांचीही नाही. गाडी नसली तरी हे जीप ठरवून द्यायचे, सोबत जायचे, दवाखान्यात केसपेपर काढून द्यायचे. डोक्यावरचा फुगा विरळ होत होत संपला. रविवारी आश्रमशाळेत मुलांना गिटार शिकवायला जात, तेवढंच वाजवणं उरलं.

एका सकाळी हे ड्युटीवर असताना पाड्यावरची एक म्हातारी आली. तिचा नवरा मोहाच्या झाडावरून पडला होता. चौघांनी त्याला झोळीत घालून खाली आणला होता. आणणारे रस्त्याला टेकले होते आणि म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"मास्तर नायत," मी म्हटलं.

ती जागची हलली नाही.

मी गॅस बंद केला, शेजारणीकडे किल्ली दिली आणि नाक्यावरून जीप आणली. दवाखान्यात म्हातारी बोलायला बुजत होती. तिची घरची बोली डॉक्टरांना समजत नव्हती आणि डॉक्टरांचं तिला. मध्ये मी बोलत राहिले. पाय मोडला होता. त्याला प्लास्टर घालेपर्यंत संध्याकाळ झाली.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसले होते. शेजारणीने सगळं सांगितलं असणार. मला बघताच ते उठून आत गेले आणि चहा ठेवला. साखर जास्त झाली होती. मी तो प्यायले, पाय पसरले आणि तिथेच भिंतीला टेकून झोपले.