मैनाचं रक्त

मैना धामणगाव रेल्वे या गावी जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायची. आई वारली तेव्हा धाकटी इंदू रांगत होती. मैनानेच तिला वाढवलं. पुढे मैनाचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर इंदूचं लग्न तिने नव्या रीतीने, बुद्धवंदना म्हणून लावून दिलं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात इंदू घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. मैना आणि इंदूचा नवरा श्रावण यांनी बाळाला शेजारणीकडे ठेवून इंदूला रेल्वेने अमरावतीच्या एका दवाखान्यात आणलं. तिची नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टर वामनरावांनी रक्त थांबवलं, तातडीने शिरेतून डेक्स्ट्रान या पातळ औषधाची बाटली लावली. थोड्या वेळाने इंदूने डोळे उघडले.

"बाई, पोरगी कुठी हाय?"

मैना हरखली. "डाक्टरसाहेब, वाचली ना?"

"अजून नाही. या औषधाने नुसत्या शिरा भरल्या. रक्ताचं काम त्याला जमत नाही. रक्तच द्यावं लागेल."

श्रावणने मान खाली घातली. मैनाने हात पुढे केला. "माह्यं घ्या. लागन तेवढं घ्या."

दोघींच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळले, तर गुठळ्या दिसल्या. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच.

"सख्ख्या बहिनीचं काहून जुळत नाही?"

"जुळतं की नाही, तेच कळत नाहीये," वामनराव म्हणाले. "बाटलीतल्या औषधाने इंदूच्या रक्तातले कण एकमेकांना चिकटलेत. बाटलीआधीच नमुना घ्यायला हवा होता. घाईत राहिलं."

मग ते कण मिठाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. तपासलं. रक्त जुळत होतं. पण मैनाचं रक्त इंदूच्या शिरेत उतरू लागलं, तोवर तिचे ओठ पांढरे पडले होते. अर्धी बाटलीही गेली नाही, इंदू संपली.

"ते औषध लावलंच नसतं तं?" मैनाने विचारलं.

"तर डोळेही उघडले नसते तिने."

"मंग मी राग कोनाचा करू?"



श्रावणने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. पोरगी मैनाकडे राहिली, शेळीच्या दुधावर वाढली. बोलायला लागल्यावर ती मैनाला "माय" म्हणायची. "माय नाही, मावशी म्हन," मैना दटावायची. पोर ऐकेना. पुढे पुढे मैनाने दटावणं सोडून दिलं.