शेंदरी दगडांची वाट

श्रावणातल्या सोमवारी दुपारी बाबा गेले. मी कोल्हापुरात वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक घालत होतो. शिपायानं फोन आल्याचं सांगितलं. मी स्टँडवर गेलो आणि कागलची गाडी धरली. घरी पोचलो तेव्हा अक्का दारात उभी होती. तिच्या मागे भिंतीशी चुन्याचा डबा आणि कुंचा होता.

तो चुना घरासाठी नव्हता. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाबा बिद्रीच्या पुढच्या एका डोंगरात वाट आखत होते. तिथे धनगरांची एक उभी पायवाट होतीच, पण ती अक्काला चढता येत नसे. लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या या थोरल्या बहिणीच्या डाव्या पायाला कॅलिपर होता, लोखंडी पट्ट्यांचा, बुटाला जोडलेला. म्हणून बाबांनी करवंदीच्या जाळ्यांमधून आणि ऐन-किंजळाच्या रानातून वळसे घेत चढणारी दुसरी वाट शोधली. प्रत्येक वळणावरच्या दगडावर चुन्याचा पट्टा. पावसाळ्यात तो धुऊन जायचा आणि दसरा झाला की बाबा डबा घेऊन पुन्हा जायचे. रविवारी त्यांच्याबरोबर जुने शिक्षक, त्यांच्या बायका, गुडघे दुखणारे, दम लागणारे असे दहाबारा जण असत. नियम एकच होता. सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाकीच्यांनी त्याच्या पावलानं मागून यायचं.

म्हणजे अक्का पुढे.

मला ते कधी जमलं नाही. तिच्या बुटाचा ठक्, मग ओढलेलं पाऊल, मग पुन्हा ठक्. त्या तालात चालताना माझे पाय वळवळायचे. मी बाजूच्या झाडीत शिरायचो, वर जाऊन यायचो, उगाच एखादं पान तोडायचो.

"चुकलेल्या करडागत काय फिरतोस रं?" अक्का मागे न बघता म्हणायची. "सरळ चाल की."

वाट एका जांभळाच्या झाडापाशी संपायची. त्याच्या वर उघडा सडा, जांभ्या दगडाचा कातळमाळ, गुडघाभर उंचीचे टप्पे असलेला. सड्याच्या कडेवरून धरणाचं पाणी दिसायचं. आम्ही सगळे जाऊन बघून यायचो. अक्का सगळ्यांचे डबे राखत जांभळाखाली बसायची. बाबा दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या साली इथं दगड लावून पायऱ्या करू."

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी चहा ओतताना अक्का म्हणाली, "मला पाणी बघायचंय. ह्याच साली. त्यांचं राहिलंय ते तू कर."

त्यानंतर मला कुठेच बसवेना. पुस्तक वीस पानं पुढे जायचं आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. पाऊस थांबल्यावर मी दर रविवारी एकटा डोंगरावर जाऊ लागलो. चपटे दगड गोळा करून एकेका टप्प्याला निम्म्या उंचीची पायरी लावत गेलो. कामात मन लागत होतं असं नाही. ते लवकर संपावं, एवढंच वाटत होतं. बाबांच्या मागे राहिलेलं काही शिल्लक नको होतं, त्या रानात पुन्हा यायला नको होतं.

म्हणून मी चुना आणला नाही. उचगावात उसाच्या ट्रॉल्या रंगवणारे एक चाचा ओळखीचे होते. त्यांनी उरलेला शेंदरी ऑइलपेंट दिला. "गुरुजींच्या वाटेला ना? न्या की. पाऊस हरतोय बघा ह्याच्यापुढं."

सड्यावर वळणं नसतात, चुकायला होतं. म्हणून मी लांबट दगड शोधले, खाचांमध्ये घट्ट रोवून उभे केले आणि खालपासून वरपर्यंत शेंदरी रंगवले. असे नऊ. सगळा जन्म कोल्हापूर जिल्ह्यात काढून ते कसे दिसतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर अक्काला घेऊन गेलो. जांभळापाशी गवताचा भारा उतरवून एक म्हातारी बसली होती. पहिल्या दगडाला हळदकुंकू होतं, झेंडूची फुलं होती, समोर नारळाची भकलं.

"पावणं, चपला काढा की," म्हातारी म्हणाली. "देवाची जागा हाय."

"कुठला देव?" मी विचारलं.

"त्ये काय म्हाईत न्हाय. दिवाळीच्या तोंडाला आला. एकदम नऊ आलं."

अक्का हसू दाबत म्हणाली, "मावशी, ह्यो देव माझ्या भावानं रंगवलाय."

"मग? कुणी रंगवल्याबिगर देव हुतोय व्हय?" तिनं अक्काच्या पायाकडे बघितलं. "तुझं ऱ्हाऊ दे, बाई. तुझा बूट म्हंजे पायच हाय. ह्येंनी काढायच्या."

"कुठपर्यंत?"

"नऊबी देवच की. पार कडंपातूर."

मी चपला काढल्या. ऊन वर आलं होतं आणि जांभा टोचत होता. चार पावलांत मी वाकडातिकडा होऊन थांबलो. पुढचा ठक्ही थांबला.

"नियम काय हाय?" अक्का म्हणाली. "हळू चालणारा पुढं. हो पुढं."

मी पुढे झालो. प्रत्येक पाऊल बघून टाकायचं, मग दुसरं. मागे ती माझ्यासाठी थांबत होती आणि मला त्याची लाज वाटत होती.

वरची एक पायरी मी माझ्या मापानं लावली होती. तिथे अक्का अडकली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. शेजारी सहावा दगड उभा होता. तिनं हात उचलला आणि खाली म्हातारीकडे बघितलं.

"धर की!" म्हातारी ओरडली. "त्येला काय हुतंय?"

अक्कानं देवाचं डोकं धरलं आणि वर आली. दगड हलला नाही.

कडेवर तिनं पाणी बघितलं. "एवढंच व्हय?" म्हणाली, आणि बसली. मला निघायचं होतं, तळवे भाजत होते. ती तासभर उठली नाही. पदरानं दोनदा डोळे पुसले. मीही बसलो. बाबा गेल्यानंतर इतका वेळ एका जागी मी पहिल्यांदाच बसलो.

आता नऊपैकी सहा दगड उभे आहेत. माझा रंग उडाला, गावातले लोक त्यांना शेंदूर लावतात. जांभळापर्यंतचा चुना दसऱ्यानंतर मी लावतो. अक्का वर्षातून एकदा येते. खाली ती पुढे असते, सड्यावर मी.