हेल्गामावशींचा केक आणि शेवगावचा आग्रह

चहा घ्या आधी, मग सांगते. परदेशात शेवगावचं नाव मी कसं गाजवलं ते! गाजवलं म्हणजे… ऐका तर.

आमचे अण्णा शेवगावचे मंडपवाले. मंडप, भांडी, आचारी, वाढपी, सगळं एका फोनवर. मी दप्तर नंतर धरलं, आधी आमटीची बादली धरली. आमच्या घराचा एकच बाणा: पंगत अर्धपोटी उठली की मंडपवाल्याचं नाक कापलं! एकदा ‘नको’ म्हणणारा पाहुणा लाजत असतो. दोनदा म्हणणारा नखरे करतो. पानावर हात आडवा धरून जो जवळजवळ पानातच पडतो, त्यालाच खरं पुरे झालेलं असतं. त्यालाही एक लाडू टाकायचाच.

तर नगरच्या कॉलेजात मी जर्मन शिकले, परीक्षेत वर आले, आणि उन्हाळ्याच्या भाषावर्गाला निघाले थेट जर्मनीला. अण्णांनी स्टँडसमोर फ्लेक्स लावला. फोटो कुठला, तर चुलत्याच्या लग्नातला. हातात बादली!

तिथं माझी राहायची सोय हेल्गामावशींकडे झाली. बाई उंच, शिस्तीच्या, एकट्या राहणाऱ्या. मी त्यांना मनातल्या मनात मावशी म्हणायचे, कारण मोठ्यानं काही म्हणताच येईना! वर्गात फडाफडा बोलायचे, पण मावशी समोर आल्या की तोंडाला कुलूप. त्या विचारायच्या, मी हसायचे. हसून हसून गाल दुखायला लागले. बाईंना वाटत असेल, काय बावळट पोरगी पाठवलीय! लई लागलं हो मनाला.

त्यात रविवारी आला मावशींचा सत्तरावा वाढदिवस. आदल्या दिवशी त्यांनी बागेतल्या झाडाच्या चेरी तोडल्या, एकेकीची बी काढली आणि हा एवढा थोरला केक केला.

“माझ्या आईची रीत,” त्या म्हणाल्या. “वर्षातून एकदाच करते. सगळे यासाठीच येतात.”

केक गेला फ्रीजमध्ये. जेवणं झाली की कापायचा.

दुपारी बागेत पाहुणे जमले. बटाट्याच्या सॅलडचं मोठं पातेलं, भाजलेले सॉसेज, पाव, सगळं टेबलावर मांडलेलं. आणि वाढायला? कुणी नाही! ज्यानं त्यानं उठायचं, चिमणीएवढं घ्यायचं आणि बसायचं. घरात सत्तरीचं कार्य आणि एक वाढपी नसावा? माझा जीव तीळतीळ तुटला. म्हटलं, बाई गं, बोलता येत नसेल, वाढता तर येतं! ओढणी खोचली आणि पळी उचलली.

पहिलेच सापडले शेजारचे ओटोआजोबा.

“धन्यवाद, पुरे,” ते म्हणाले.

लाजतायत बिचारे! “थोडंसंच,” म्हणत मी पळीभर वाढलं.

“खरंच पुरे.”

नखरे! अजून एक पळी. आता तुम्हीच सांगा, हात आडवा धरला का त्यांनी? नाही ना? मग!

तिकडची रीत मला कुठं माहीत होती? पानात पडलेलं संपवायचंच, टाकलं तर यजमानिणीचा अपमान. आणि आमची रीत काय, तर पान रिकामं दिसलं की वाढायचं. म्हणजे ते बिचारे मान राखायला संपवतायत आणि मी मान राखायला वाढतेय! आजोबांनी पट्टा सैल केला. एका काकूंनी ताट खुर्चीखाली लपवलं, ते मी शोधून काढलं आणि भरून परत दिलं. मावशी लांबून हातवारे करत काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं, कौतुक करतायत. मी आणखी जोरात!

पातेलं खरवडून झालं. मी अभिमानानं पदर… म्हणजे ओढणी सोडली. आणि मावशी केक घेऊन आल्या.

कुणी हात पुढे करेना. ओटोआजोबांनी केककडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

“माझा केक… कुणालाच नको?” मावशींचा आवाज बारीक झाला. चेहरा एवढासा.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. वर्षातून एकदा होणारा केक, आईच्या आठवणीचा, आणि मी सगळ्यांची पोटं बटाट्यानं भरली! मला रडूच फुटलं. आणि काय सांगू, रडता रडता कुलूप उघडलं! अण्णा, मंडप, बादली, दोनदा ‘नको’, आडवा हात… सगळं चुकतमाकत जर्मनमधून भडाभडा बाहेर पडलं.

मग आजोबांनी हळूच रिकाम्या ताटावर हात आडवा धरला. “असा? पोरी, हे आधी नाही का सांगायचं?”

सगळे खो खो हसले. मावशी तर डोळे पुसत होत्या. “उद्या चहाला सगळे परत या,” त्यांनी जाहीर केलं. केक पुन्हा फ्रीजमध्ये.

मी घरी फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “मान्सं पोटभर जेवली ना?”

“लई जेवली, अण्णा. खुर्चीतून उठता येईना त्यांना.”

“मंग रडती कशाला? नाव काढलं की गं घराचं!”

खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

दुसऱ्या दिवशी सगळे हजर. मला मधल्या खुर्चीत बसवलं, आणि मावशींनी पहिला मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवला. काय चव होती! मी ताट चाटूनपुसून रिकामं केलं. दुसरा तुकडा आला.

“नको,” मी म्हणाले.

“लाजतेय!” ओटोआजोबा ओरडले.

“खरंच नको!”

“नखरे!” अख्खी बाग.

तिसऱ्याला मी दोन्ही हात आडवे धरले, जवळजवळ ताटातच पडले. मावशींनी प्रेमानं माझे हात बाजूला केले आणि म्हणाल्या, “यालाही वरून एक टाकायचाच असतो. तूच म्हणालीस ना?”

पानात उष्टं टाकायचं नाही, हे तर दोन्हीकडे सारखंच. संपवलं, काय करता!

शेवगावात पंगतीच्या पंगती उठवणारी मंडपवाल्याची पोर मी. त्या दिवशी मला एकटीला खुर्चीतून उठवायला दोघं लागले.