ब्लाएनलिनच्या दांड्यावरचं कडं

फेलिन स्टेशनच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओळीनं उभे आहेत. त्यातल्या शेवटच्या दांड्यावर एक लोखंडी कडं होतं. हा दांडा डोंगरावरच्या ब्लाएनलिनकडे जाणाऱ्या गाडीचा. पुढे गाडी आहे, दांडा ओढायचा नाही, याची आठवण म्हणून केबिनवाले असं कडं अडकवतात. गाडी वर पोचली की वरचा केबिनवाला घंटी देतो. दोन टोले, जरा थांबून एक. मग खालच्यानं तेच टोले परत द्यायचे आणि कडं काढायचं.

हे कडं आंटी मेन्नानं अडकवलं त्याला तीस वर्षं झाली होती.

तेव्हा ती इथे नोकरीला होती आणि तिचा नवरा एमलिन वरच्या केबिनमध्ये. दिवसभर दोघं घंटीवर बोलायची. "घरी आला की मूग गिळून बसायचा," ती सांगायची. "आणि घंटी देताना दोन आणि एकच्या मध्ये इतका थांबायचा, की वाटावं चहा प्यायला गेला."

लाइन बंद झाली त्या दिवशी शेवटची गाडी तिनंच वर सोडली. गाडी पोचली. माणसं उतरली, रडली, बसनं खाली आली. एमलिननं घंटी मात्र दिली नाही. केबिनला कुलूप लावून तो तळ्याच्या बाजूला चालत गेला, एवढंच लोकांनी पाहिलं. तळ्यात गळ टाकले, काही सापडलं नाही. पुढे रूळही उपटून नेले.

आम्ही हौशी मंडळींनी लाइन पुन्हा उभारायला घेतली, तेव्हा मेन्ना पहिल्याच दिवशी झाडू घेऊन आली. कडं गंजून जागीच होतं. "त्याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. आम्ही दांडा कड्याच्या भोवतीनं रंगवला. वर रूळच नव्हते, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं. एमलिनसाठी चॅपलमध्ये प्रार्थना करू या, असं पाद्री म्हणाला, तर तिनं उडवून लावलं. "कशाला? गाडी अजून वाटेत आहे."

यंदा रूळ पुन्हा वरपर्यंत पोचले, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी ब्लाएनलिनला पहिली गाडी जायची होती. घंटीच्या तारा मीच जोडल्या होत्या, म्हणून केबिनमध्ये होतो. खालून ड्रायव्हर डिल्विन ओरडला, "आंटी, सिग्नल दे की! वाफ वाया चाललीय, आणि बँडवाल्यांना एकच गाणं येतं!"

"पुढची गाडी पोचल्याशिवाय दुसरी सोडत नसतात."

"पुढची कुठली?" त्यानं विचारलं. मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं टोपी काढली.

"आंटी, मी काढू का कडं?" मी विचारलं.

"तू तुझ्या तारा बघ."

मी कोपऱ्यात जाऊन वरच्या केबिनला फोन लावला. तिथे आमचा गेथिन होता, एरवी गावातला दातांचा डॉक्टर. "दोन-एक दे," मी कुजबुजलो. "तिच्यासाठी."

"खोटी घंटी? घंटीवरचा माझा हात तिला पाठ आहे रे. माझेच दात काढेल ती."

तेवढ्यात आमची घंटी वाजली. दोन टोले. मग काहीच नाही. इंजिनाची वाफ ऐकू येत राहिली. घंटी बंद पडली असं वाटलं, तेव्हा तिसरा टोला पडला.

"बरं केलंस, गेथिन."

"मी काय केलं? मी तुझ्याशीच बोलतोय ना!"

वरच्या केबिनमध्ये घंटीची कळ फोनच्या पलीकडच्या भिंतीला आहे. फोनची वायर तिथवर पोचत नाही. ओल धरून तारा चिकटल्या तर टोला पडतो, हे मला माहीत आहे. पण ओल मध्ये थांबत नाही. त्या तारा मी नंतर सगळ्या उकलून पाहिल्या. कोरड्या होत्या.

मेन्नानं कळीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. टोले परत दिले की गाडी पोचली. मग वाट बघायला काही उरणार नव्हतं.

"किती उशीर, मेल्या," ती हळूच म्हणाली. आणि तिनं टोले परत दिले. दोन. तितकंच थांबून, एक.

कडं निघेना. मी तेलाची बुधली पुढे केली, ती तिनं घेतली नाही. पिळत पिळतच तिनं ते काढलं, तळहात गंजानं तांबडा झाला. मग दांडा ओढला. डिल्विननं शिटी दिली आणि गाडी डोंगराकडे निघाली.

संध्याकाळी घरी जाताना ती चॅपलपाशी थांबली. पाद्री आत फुलं लावत होता.

"एमलिनची प्रार्थना करायचीय," ती म्हणाली. "गाडी पोचली."