लाल टोपीचा आवाज

थोरलीचा धंदाच हरण्याचा होता. दर आठवड्याला ती बसने स्टुडिओत जायची, कानांवर हेडफोन चढवायची, आणि पडद्यावरच्या काळ्या कोटातल्या पोराच्या तोंडी आपला आवाज घालून हरायची. मालिका जपानी, पत्त्यांच्या लढाईची. दोन पोरं समोरासमोर उभी राहतात, एकेक पत्ता टाकतात, पत्त्यातून नाग निघतो, पक्षी निघतो, आभाळ फाटतं, इमारती कोसळतात, आणि शेवटी कळतं की हा सगळा प्रकार शाळेच्या मधल्या सुट्टीत चालला होता. नायकाच्या डोक्यावर लाल टोपी, वैऱ्याच्या अंगात काळा कोट. मालिकेत दोघांना चांगली लांबलचक नावं होती, पण स्टुडिओत त्यांना लाल टोपी आणि काळा कोट याखेरीज कुणी काही म्हणत नसे. काळा कोट श्रीमंत, हुशार, दिसायलाही बरा. सगळा डाव त्याच्या हातात, आणि शेवटच्या पत्त्याला हमखास माती खायची.

आणि लाल टोपीचा आवाज कुणाचा? थोरलीच्या धाकट्या जावेचा. म्हणजे एकाच घरात वरच्या मजल्यावर लाल टोपी राहत होती आणि खालच्या मजल्यावर काळा कोट.

आता कुणी म्हणेल, कार्टूनच ते, त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं. थोरलीचा नवरा अगदी हेच म्हणायचा, आणि वर पेपर वाचत म्हणायचा, त्यामुळे जास्तच झोंबायचं. पण आधी स्टुडिओची पायरी चढली होती ती थोरली. बाजारातल्या गर्दीचा आवाज, खिडकीतून ओरडणारी शेजारीण, चेटकीण, दुसरी चेटकीण, मेलेल्या राजाची आई, असली कामं तिने वर्षानुवर्षं केली होती. मग ही पत्त्यांची मालिका आली. पोरांचे आवाज बायकाच देतात, कारण खऱ्या पोराचा आवाज मालिका संपायच्या आत फुटतो. थोरलीने लाल टोपीसाठी परीक्षा दिली, आवाजांचं दिग्दर्शन करणाऱ्या सरांनी मान डोलावली, आणि ती घरी जाऊन चार लोकांना सांगून मोकळी झाली. दुसऱ्याच दिवशी वर्गातली खिदळणारी मुलं हवी होती, एक बाई कमी पडत होती, म्हणून तिने धाकटीला सोबत नेलं. स्वतःच्या हाताने नेलं. धाकटी माईकसमोर जे खुदकन हसली, ते सरांनी तीनदा लावून ऐकलं आणि म्हणाले, "लाल टोपी सापडली."

"आणि मी?" थोरलीने विचारलं.

"तुम्ही काळा कोट," सर म्हणाले. "तुमच्या आवाजात एक जळजळ आहे हो. फार छान आहे ती."

जळजळ नसती तरी त्या दिवशी आली असती.

त्यात या कामाची रीत अशी की दोघी कधी एकत्र बोलायच्या नाहीत. गादीने मढवलेल्या त्या खोलीत एका वेळी एकच बाई. नायकाचं बोलणं सगळ्यात जास्त, म्हणून आधी धाकटी येऊन बोलून जायची. मग थोरली आत शिरायची, हेडफोन लावायची आणि धाकटीचा आवाज थेट कानात ऐकत त्याला उत्तरं द्यायची. सहा वर्षं. नवऱ्याचं बोलणं तिने एवढं मन लावून कधी ऐकलं नसेल. धाकटी कुठे श्वास घेते, 'र' कुठे जरा घासते, रडायच्या आधी शब्द कसा हलकेच सोडून देते, हे तिला तोंडपाठ झालं होतं. आणि प्रत्येक वाक्याला मनात यायचं, हे मी याहून चांगलं म्हटलं असतं. ती जितकी जळायची तितका काळा कोट रंगायचा, आणि सर काचेपलीकडून अंगठा दाखवायचे. त्या अंगठ्याने तर ती आणखीच जळायची.

घरी तरी सुख असावं? गल्लीतली पोरं बेल वाजवायची ती खालची, कारण खालची बेल हाताला यायची. थोरली दार उघडायची, तर पोरं म्हणायची, "लाल टोपी आहे का?" वर आहे, असं सांगून ती दार लावायची. तिची स्वतःची लेक लाल टोपी घालून जेवायला बसायची. एकदा थोरली म्हणाली, "अगं, घरात तरी काढ ती." तर कारटी म्हणाली, "तू हरतेस ना, म्हणून तुला आवडत नाही." थोरलीने तिच्या ताटात भाजी वाढली.

धाकटी वाईट असती तर बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग राग करता येतो. पण ही बया कुणालाही भेटली की पहिलं सांगायची, "मला जाऊबाईंनी आणलं या कामात. मला काही येत नव्हतं." लोक थोरलीकडे कौतुकाने बघायचे, आणि ती ओठ ताणून हसायची.

मग चालू पर्वाचे अखेरचे तीन भाग राहिले असताना धाकटीचा घसा बसला. काढे झाले, वाफारे झाले, शेवटी डॉक्टरने आत बघितलं तर घशात गाठ. साधीच गाठ, काढली की संपलं, पण काढल्यावर कित्येक आठवडे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि आवाज पहिल्यासारखा येईल की नाही, ते डॉक्टरलाही सांगता येईना.

सरांचा त्याच संध्याकाळी फोन आला. "तुम्हीच आता तारून न्या. लाल टोपी तुम्ही करा. पण तुमची नाही, तिची. मुलांना कळता कामा नये. शेवटच्या नामावलीत नावही तिचंच राहील."

"आणि पुढच्या पर्वात?"

"तिचा आवाज परत आला तर तिची. नाही आला तर तुमची."

थोरलीने फोन ठेवला. खोटं कशाला सांगा, तिला आनंद झाला होता. त्या आनंदाची लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो काही कमी झाला नाही.

ते तीन भाग तिने कसे केले म्हणता. आधी लाल टोपी होऊन बोलायची, मग पाणी पिऊन, काळा कोट होऊन, हेडफोनमधल्या स्वतःलाच उत्तरं द्यायची. लाल टोपीची एक हाक होती. प्रत्येक भागात तेच चित्र पुन्हा यायचं, तो पत्ता उंच धरायचा आणि ओरडायचा, "माझा शेवटचा पत्ता अजून उघडायचाय." चित्र तेच म्हणून एकदा बोललेली हाकच दर वेळी चिकटवून द्यायची, अशी तिथली पद्धत. पण शेवटच्या भागासाठी सरांना ती नव्याने हवी होती. थोरलीने म्हटली. 'अजून'च्या आधी तिने एक पुसटसा श्वास घेतला, जो धाकटी कधीच घेत नसे. काचेपलीकडे साउंडवाला चहा पीत होता, तो कप हातात धरून तसाच बसला.

पर्व संपलं. गल्लीतल्या पोरांना काही कळलं नाही. चॅनेलवाल्यांनी वरच्या मजल्यावर भला मोठा पुष्पगुच्छ धाडला, शेवटच्या भागातल्या अप्रतिम आवाजाबद्दल. धाकटीने पाटीवर लिहून दाखवलं, 'हे तुमचं आहे.' आणि गुच्छ थोरलीला दिला. थोरलीने तो घेतला खरा, पण चिठ्ठीवर नाव धाकटीचं होतं, आणि ती चिठ्ठी काढून फेकावी की ठेवावी हे तिला दोन दिवस ठरवता आलं नाही.

त्या आठवड्यांत ती रोज वर सूप घेऊन जायची. घरच्यांना वाटे, किती करते जावेचं. करत तर होतीच. पण सूप ठेवताना तिचे कान धाकटीच्या घशाकडे असत. खोकली का? कशी खोकली? आवाज परत येऊ नये, असं तिला अगदी सरळ सरळ वाटायचं. तिचं दुसरं काही वाईट होऊ नये, संसार सुखाचा व्हावा, फक्त तेवढा आवाज येऊ नये.

पण आवाज आला. जरा खरखरीत, पण आला. आणि नव्या पर्वाआधी सरांनी दोघींना एकाच दिवशी बोलावलं. धाकटीची परीक्षा होती. जुन्या आवाजाशी जुळला तर तिची लाल टोपी, नाहीतर थोरलीची. थोरली बाहेर साउंडवाल्याच्या मागे खुर्ची टाकून बसली.

"आधी जुनी हाक ऐकवतो," साउंडवाला म्हणाला. "तशीच म्हणायची, म्हणजे ताडून बघता येईल."

त्याने बटण दाबलं. माझा शेवटचा पत्ता, एक पुसटसा श्वास, अजून उघडायचाय.

थोरलीच्या हातातली पर्स घसरली. ही तिचीच हाक होती. शेवटच्या भागातली. फाइलवर नाव धाकटीचंच, त्यामुळे त्या गड्याने नमुना म्हणून चुकून तीच काढून ठेवली होती. सर मान हलवत होते, धाकटी काचेपलीकडे डोळे मिटून ऐकत होती, आणि कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

धाकटीने म्हटली. जुळली नाही. पुन्हा म्हटली. सर म्हणाले, "तो श्वास घ्या ना, तुम्ही घ्यायच्या तसा." तिने श्वास घेतला, तर वाक्य मधेच मोडलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी तिने हेडफोन काढले आणि भिंतीच्या गादीला टेकून रडायला लागली. "माझाच आवाज मला जमत नाहीये," ती म्हणाली. "मी अशी बोलत होते? मला आठवतसुद्धा नाही."

थोरली गप्प होती. गप्पच बसायचं होतं. आणखी थोडा वेळ कळ काढली की काम फत्ते, सहा वर्षांची जळजळ एकदाची थंड. तिने पर्स उचलून मांडीवर घट्ट धरली. धाकटीचं रडणं तिला ऐकू येत होतं, वाईटही वाटत होतं, पण तोंड उघडावं एवढं नव्हतं.

तेवढ्यात सर साउंडवाल्याला हळूच म्हणाले, "गेला रे तो आवाज. काय म्हणायची बाई, अं? ऐक हा श्वास. हे कुणाला शिकवून येत नाही. थोरल्या मॅडमनी वेळ निभावून नेली, उपकारच त्यांचे, पण नक्कल ती नक्कल. असं त्यांना सात जन्मांत जमायचं नाही."

"नाहीच," साउंडवाला म्हणाला.

"तो माझा आवाज आहे," थोरली म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"माझा आहे. मी म्हटलीय ती हाक. तो श्वास माझा आहे. ती नाही घेत तिथे श्वास, तिने कधीच घेतलेला नाही, जुनी लावा आणि ऐका, कान आहेत ना तुम्हाला?" तिचा आवाज चढला होता आणि आतल्या खोलीशी बोलायचा माईक चालूच राहिल्यामुळे काचेपलीकडच्या स्पीकरवरून धाकटीलाही सगळं ऐकू गेलं.

साउंडवाल्याने घाईघाईने शोधाशोध केली. जुनी हाक सापडली. मागे पंख्याची घरघर, साधी, सरळ, बिनश्वासाची. धाकटीने ती एकदा ऐकली, नाक पुसलं, माईकसमोर उभी राहिली आणि पहिल्याच फटक्यात म्हटली. मीठ टाकल्यासारखी जरा खरखर होती, पण हाक तीच होती. सरांनी अंगठा दाखवला.

तेव्हा कुठे थोरलीला उमगलं की आपण काय करून बसलो. हातातोंडाशी आलेला घास होता, आणि तो तिने स्वतःच्या तोंडाने घालवला होता.

धाकटी धावत बाहेर आली आणि तिच्या गळ्यात पडली. "जाऊबाई, दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती हो. काम तुम्हालाच मिळत होतं. मला रडताना तुमच्याच्याने बघवलं नाही ना?"

"असं मन पाहिजे माणसाचं," सर म्हणाले. साउंडवाला उगाचच डोळे चोळत होता.

थोरलीने धाकटीला खांद्यांना धरून दूर केलं. तिला आता हे आणखी सहन होईना. "अगं, मी तुझ्यासाठी नाही बोलले," ती म्हणाली. "माझ्या कामाचं कौतुक तुझ्या नावावर चाललं होतं, ते मला बघवलं नाही. मी जळून बोलले. पहिल्या दिवसापासून जळतेय मी तुझ्यावर, कळतंय का?"

 धाकटीचे डोळे पुन्हा भरून आले, आणि ती सरांकडे वळून म्हणाली, "बघितलंत? एवढं करूनसुद्धा स्वतःकडे मोठेपणा घ्यायचा नाही. या अशाच आहेत पहिल्यापासून."

सरांनी हात जोडले. साउंडवाला थोरलीसाठी चहा आणायला पळाला, आणि धाकटी तिचा हात हातात धरून तिच्या शेजारी बसून राहिली.