ढिगावरच्या गाई

सक्करदऱ्याच्या पुढे शहराचा कचरा टाकत, त्याच्या जवळच आमचं घर होतं. दर उन्हाळ्यात एक शेतकरी बैलांची बंडी घेऊन यायचा आणि कुजलेल्या कचऱ्याचं खत वांग्यांसाठी भरून न्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मूठभर खत हातात घेऊन तो हुंगायचा, आणि चांगलं मुरलेलं असलं की स्वतःशीच हसायचा.

पुढे ढिगात प्लास्टिकच्या पन्न्या दिसू लागल्या. एका उन्हाळ्यात तो बंडीशिवाय, पायीच आला. ढिगावर चरणाऱ्या गाईंना तो काठीने हाकलत होता. मी गडवाभर पाणी नेऊन दिलं, तसा तो खाली टेकला. मी विचारलं, "यंदा खत नाही न्यायचं?"

"आता कायचं खत, भाऊ! खतासंगं पन्न्या वावरात गेल्या, त्या माह्या गाईनं खाल्ल्या. मेल्यावर पोट फाडलं तं नुसत्या पन्न्याच निंघाल्या."

"मग एवढ्या उन्हात इथं कशाला आलात?"

"माही तं गेली," तो म्हणाला. "ह्या कोणाच्या तरी असतीनच ना."

तोवर हाकललेल्या गाई दुसऱ्या बाजूने पुन्हा ढिगावर चढल्या होत्या. गडवा माझ्या हातात देऊन तो काठी घेत उठला.