पंचाण्णव टक्क्यांची पाइपलाइन

"पंचाण्णव टक्के," आमचे ई. ई. साहेब म्हणाले आणि बैठक पुढच्या विषयावर गेली.

धुळ्याची जिल्हा आढावा बैठक होती. ई. ई. म्हणजे कार्यकारी अभियंता. मी त्यांच्या हाताखाली शाखा अभियंता, मागच्या खुर्चीवर फायली सांभाळत बसलेला. योजना शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाची. तापीकाठी विहीर, तिथून पंप आणि पाइपलाइन, गावात उंच टाकी. टाकी उभी होती, पंपही आला होता. मधल्या नाल्यात मात्र काळा पाषाण लागला होता. ठेकेदाराच्या माणसांनी तेवढा तुकडा सोडला आणि पुढच्या मऊ काळ्या मातीत भराभर पाइप गाडले. टक्केवारी निघायची ती गाडलेल्या पाइपांच्या लांबीवरून. म्हणजे पंचाण्णव टक्के खोटं नव्हतं. नुसतं निरुपयोगी होतं.

बाहेर आल्यावर मी साहेबांना म्हटलं, "सर, नाल्यातला तुकडा राहिलाय. आपण टेस्टिंगवर प्रगती धरू या."

टेस्टिंग म्हणजे लाइनचा एकेक भाग पाण्याने भरायचा, दाब द्यायचा आणि कुठे गळतं ते बघायचं. माझं म्हणणं सरळ होतं. विहिरीपासून सुरुवात करायची आणि पाणी जिथवर पोचेल तेवढंच काम झालं म्हणायचं. विहिरीचा दोर पाच हात कमी पडला तर बादली कोरडीच वर येते.

"मग आकडा किती होईल?"

"चाळीसच्या आसपास."

साहेब जीपपाशी थांबले. माणूस वाईट नव्हता. "मागच्या महिन्यात नव्वद सांगितले. आज पंचाण्णव. पुढच्या महिन्यात चाळीस सांगू? अहो, आढाव्यात आकडा मागे जात नसतो."

विषय संपला.

पुढच्याच आठवड्यात साहेब गावात आले. टाकीखाली उभं राहून त्यांनी लोकांनाही तेच सांगितलं. पंचाण्णव टक्के. गाव खूश झालं. साहेबांची जीप गेली आणि नाना माझ्याकडे आले. नाना गावातले जाणते, चार मुलींचे बाप.

"सायेब, अखाजीले पोरीसले मूळ धाडी ऱ्हायनू."

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात ती सासुरवाशिणींची दिवाळीच. भाऊ मूळ म्हणून बहिणीला आणायला जातो, झाडाझाडाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. या गावाने मात्र काही उन्हाळे मुलींना बोलावलंच नव्हतं. भर उन्हात आणखी माणसांना पाणी आणायचं कुठून?

मी म्हटलं, "नाना, थांबा. नाल्यातलं काम बाकी आहे. अखाजीला पाणी येणार नाही."

नाना हसले. "आहो, पोरले पंचाण्णव मार्क पडनात ते आपन पेढा वाटतस. आनि तुमी पाच टक्कानी गोट करी ऱ्हायनात!"

मी नाल्यापर्यंत त्यांना नेलं, पाषाण दाखवला. नानांनी पाषाण पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मोठा साहेब खोटं बोलेल आणि हा धाकटा खरं, असं कोण मानतं? गावातल्या घराघरातून मूळ गेलं.

अखाजीच्या दिवशी मला जावंसं वाटत नव्हतं, तरी गेलो. झोके बांधले होते. त्यांवर कोणी नव्हतं. नव्या लुगड्यांतल्या लेकी कोरड्या नाल्यात झिरा उकरत रांगेने बसल्या होत्या, आमच्या न जोडलेल्या पाइपाच्या तोंडाशीच. झिऱ्यात वाटीवाटीने पाणी साचायचं. नानांची थोरली मुलगी ते कळशीत ओतता ओतता आईला म्हणाली, "सासरले बी पानीच भरनं, आठे बी पानीच भरनं." नानांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मुली परत जाऊ लागल्या.

त्या महिन्याच्या आढाव्यात साहेबांनी शहाण्णव टक्के सांगितले.

पाषाण पुढच्या हिवाळ्यात फुटला. पाणी टाकीत चढलं, नळाला आलं. अखाजी जवळ आली तेव्हा मी मुद्दाम नानांच्या घरी गेलो. त्यांच्या दारातला नळ सोडून दाखवला. ते पाण्याकडे बघत राहिले.

"आता मुलींना बोलवा, नाना."

"मांगला साल बी व्याहीसले आसंच सांगेल व्हतं," ते म्हणाले. "आते त्यासले कोन समजाडी?"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी पाणी पोचलं तेवढंच काम धरलं. माझा आकडा जिल्ह्यात कायम तळाला असायचा आणि माझ्या गोपनीय अहवालात दरवर्षी 'कामाचा वेग कमी' हा शेरा पडायचा. शेऱ्याचं मला काही वाटलं नाही. पण नळ आला त्या अखाजीला नानांच्या मुली आल्या नाहीत, आणि तेव्हा काम शंभर टक्के झालेलं होतं.